फिरव चावी

"फिरव चावी," हे म्हणाले, आणि मी फिरवली.

मी ड्रायव्हरच्या सीटवर, हे उघड्या दारात उकिडवे. स्टीअरिंगपुढचं मीटर, म्हणजे ती काट्यांची न् दिव्यांची पाटी, ह्यांनी वायरींसकट बाहेर ओढून हातात धरली होती. डावा डोळा मिटलेला. काम बारीक असलं की उजव्या डोळ्यानंच बघायची ह्यांची जुनी खोड. मला बघायला आले तेव्हासुद्धा आमचा बिघडलेला रेडिओ उघडून बसले, आणि माझी धाकटी बहीण आत येऊन सांगते, अक्का, नवरा मुलगा डोळा मारतोय. बेंगळुरातल्या पीण्यात आमच्या दुकानाच्या पाटीवर देवाप्पा ऑटो इलेक्ट्रिकल असं लिहिलंय, पण विचाराल तर लोक डोळा मारणाऱ्या अण्णांचं दुकान म्हणूनच रस्ता दाखवतील.

गाडी मनस्विनीची, बाजूला स्टुलावर बसलेल्या पोरीची. हेब्बाळला राहते, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर. खड्ड्यातून गेलं की तेलाचा लाल दिवा लागतो, अशी तिची तक्रार. तो दिवा चालत्या गाडीत लागला तर इंजिनात तेल पोचत नाही असं समजायचं आणि जागच्या जागी थांबायचं, नाहीतर इंजिन जाम. एका गॅरेजवाल्यानं इंजिनच उघडावं लागेल म्हणून पोरीला घाबरवून सोडलं होतं. हे म्हणाले, इंजिनचं राहू दे, आधी दिवा खरं बोलतो का ते बघू. चावी फिरवली की सगळे दिवे लागायला पाहिजेत आणि इंजिन सुरू झालं की विझायला पाहिजेत.

"तेलाचा लागत नाही," हे म्हणाले.

मला तर समोर दिसत होता, चांगला लालभडक. थट्टा करायची सवय आहेच, म्हणून मी हसले. लागलाय की, म्हटलं. कसला लागलाय, बाकीचे लागलेत, हा गेलाय, दुसरा बल्ब दे, म्हणाले. मी शेजारच्या सीटवर ठेवलेल्या बल्बच्या डब्यातून काढून दिला. त्याच वेळी का बोलले नाही, कुणास ठाऊक. ह्यांनी बल्ब बदलला, मी चावी फिरवली, दिवा लागला, आणि हे माझ्यावरच चिडले. कसला माल भरून ठेवतेस, हाही उडालेला.

ह्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती.

निपाणीला आमचे सासरे साखरेनं आंधळे झाले होते. पडवीत बसायचे आणि मांजर गेलं तरी कोण आलं म्हणून विचारायचे. कुणी उत्तर दिलं नाही की परत विचारायचे. मी नवी सून, मला त्या आवाजाची भीती वाटायची. ह्यांनाही साखर आहे. डोळे तपासून घ्या, असं डॉक्टर कधीचे सांगतायत. ह्यांचं उत्तर ठरलेलं: मला केसाएवढी वायर दिसते, डॉक्टरला दिसते का विचार.

मनस्विनी स्टुलावरनं उठून जवळ आली. मीटरमध्ये वाकून बघितलं आणि सहज बोलून गेली, "अण्णा, दिवा चांगला लागलाय की."

ह्यांनी मीटरच्या मागे हात घातला, बल्ब काढायला गेले आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. दोन बोटं तोंडात घातली. विझलेला बल्ब पोळत नाही, हे ह्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मग हे कितीतरी वेळ मीटरकडे बघत बसले. नजर जरा इकडे, जरा तिकडे. मनस्विनीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "वीणा, तेलाच्या दिव्याकडं बघितलं की तेलाचा जातो. बॅटरीच्या दिव्याकडं बघितलं की बॅटरीचा. जिकडं बघतो तोच विझतोय."

मी ह्यांच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, डावा उघडा. ह्यांनी उघडला. "हां, लागलाय," म्हणाले. एवढंच.

मला वाटलं, आता दुकान बंद करतील. पण उठले, बॉनेट उघडलं आणि तेलाच्या दिव्याची वायर बोटांनी चाचपत खाली गेले. बघत नव्हतेच, तोंड रस्त्याकडे होतं. एका पट्टीपाशी वायर घासून तांबं उघडं पडलं होतं. गाडी आपटली की ते लोखंडाला टेकायचं आणि दिवा लागायचा. ह्यांनी टेप गुंडाळली, वायर बाजूला बांधली, मीटर जागेवर बसवलं आणि तुझं इंजिन ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. सरी, बरं झालं अण्णा, देवासारखे भेटलात, म्हणून ती हसत हसत गेली. मला तिचा राग आला. तिची काय चूक होती? पण आला.

"उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं," मी म्हटलं.

"जाऊ," म्हणाले. वाद घातला नाही, म्हणून मी जास्तच घाबरले.

उजेड होता तरी शटर ओढलं. स्कूटर मला येते, पण हे बरोबर असताना मी कायम मागे. आज ह्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि मागे जाऊन उभे राहिले. मी चावी फिरवली.

मोठ्या रस्त्याच्या सिग्नलला थांबले. भोवती बसगाड्यांचे हॉर्न. ह्यांनी मागून अगदी हळू विचारलं, "लाल आहे ना?"

"हो."

मी आरशात बघितलं. ह्यांनी डावा डोळा मिटला होता आणि सरळ समोर, सिग्नलकडे बघत होते.

"सुटला की सांग," म्हणाले. ह्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, पोळलेली दोन बोटं तेवढी जरा वर उचललेली.