तिसरी काचपट्टी

मित्रांनो, विक्रोळीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बेसिनशेजारच्या टेबलावर जो काळा, जुना सूक्ष्मदर्शक दिसतो, तो मी. माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगे बसवली आणि कांद्याचा पापुद्रा ठेवून माझी परीक्षा घेतली. त्यानंतर पंचवीस वर्षे माझ्यापुढे मुलांची रांग लागत असे. मग पडद्यावर चित्र दाखवणारा नवा सूक्ष्मदर्शक आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. कपाटातला बल्ब गेला, तो कुणी बदलला नाही. दमट हवेत माझ्या भिंगावर बुरशीची जाळी पसरली. जी बुरशी मी मुलांना दाखवत आलो, तीच माझ्या डोळ्यात वाढत होती आणि मला डोळा चोळताही येत नव्हता. प्रयोगशाळेतल्या धोंडिरामकाकांनी ते पाहिले, भिंगे पुसली आणि कपाटात नवा बल्ब लावला. त्याच्या उबेने हवा कोरडी राहते. एका कडेला अंधुक डाग मात्र राहिलाच.

मागच्या जुलैत नव्या सूक्ष्मदर्शकापाशी गर्दी होती, म्हणून काकांनी मला पुन्हा टेबलावर मांडले आणि नाहूरला राहणारी प्रांजल माझ्याकडे आली. तिच्या आईला, जानकीबाईंना, कमरेला गजकर्ण झाले होते. त्या एका कॅन्टीनमध्ये भांडी घासतात, साडी दिवसभर ओली. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण खाज जात नव्हती. गजकर्ण हा बुरशीचाच रोग. लवंगेचे तेल ती बुरशी मारते का, हे प्रांजलला पाहायचे होते.

बुरशीची पेशी कशी असते, ठाऊक आहे? बाहेर कडक भिंत आणि भिंतीच्या आत एक पातळ, स्निग्ध पडदा. काय आत घ्यायचे, काय नाही, हे तो पडदा ठरवतो. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. ते त्या पडद्यात घुसते आणि पडदा विसविशीत होतो. मग आतले क्षार बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. आपण वरून निळा रंग घातला, तर जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही. फाटक्या पडद्याची पेशी मात्र निळी होते.

तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून प्रांजलने ते स्पिरिटमध्ये विरघळवले. स्पिरिट तिने अंदाजाने ओतले. मग प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी तिने तीन काचपट्ट्यांवर घेतली. पहिलीवर नुसते पाणी, दुसरीवर तेल आणि स्पिरिट. तिसरीवर फक्त स्पिरिट, तेही शिकवणाऱ्या मधुवंती मॅडमनी बजावले म्हणून. शेवटी तिन्हींवर निळा रंग.

पहिलीतले बुरशीचे धागे बिनरंगी राहिले. दुसरीतले निळेशार. प्रांजल जागची उठलीच. तिथूनच तिने आईला फोन लावला आणि तेल काम करते म्हणून सांगितले. जानकीबाई म्हणाल्या, मग आजपासून गोळी बंद, त्या गोळीने पोट बिघडते. "बरं, गोळी बंद कर," प्रांजल म्हणाली; पलीकडे धोंडिरामकाकांनीही ते ऐकले.

तिसरी काचपट्टी माझ्या पायाशी ट्रेमध्ये पडून होती. दुपार सरली. मुले आली, गेली. कुणीतरी ट्रे सरकवला, तेव्हा वाटले आता उचलतील. त्याने तिथे डबा ठेवला. मला चैन पडेना.

चार वाजता धोंडिरामकाका काचपट्ट्या धुवायला आले. न बघता काचपट्टी धुवायची नाही, हा त्यांचा जुना नियम.

"ही बघितलीस का गं?"

"काका, त्यात तेलच नाही. काय बघायचंय? धुवून टाका ना."

काकांनी ती माझ्याखाली ठेवली. बराच वेळ त्यांचा डोळा माझ्या डोळ्याला लागून होता.

"प्रांजल, ही पण निळी आहे."

तिने पाहिले. दुसरीइतकीच निळी. म्हणजे बुरशी तेलाने मेली की स्पिरिटने, हे कुणालाच सांगता येणार नव्हते.

"वाट लागली," ती पुटपुटली. मग हळूच म्हणाली, "काका, कोण विचारणार आहे हिच्याबद्दल?"

"तुझी आई विचारेल. खाज अंगभर पसरल्यावर."

 प्रांजलने फोन उचलला.

"आई, रात्रीची गोळी घे. माझं चुकलंय."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "मगे इतके दिवस कॉलेजात काय केलंस गो?"

"चूक शोधली," प्रांजल म्हणाली. "तू गोळी घे ना."

पुढच्या आठवड्यात तिने स्पिरिट मोजून, अगदी थोडे घेतले. या वेळी तिसरी काचपट्टी बिनरंगी राहिली आणि दुसरीतल्या शंभरातल्या चाळीसेक पेशी निळ्या झाल्या. तेल खरेच काहीतरी करत होते. जानकीबाईंनी लगेच विचारले, लावू का? प्रांजलने नाही म्हटले. काचेवर मेलेली बुरशी कातडीवर मरेलच असे नाही आणि नुसते तेल कातडी भाजते. पोट बिघडते हे डॉक्टरांना सांगायला ती आईबरोबर स्वतः गेली.

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, माझी भिंगे मऊ कापडाने पुसा. पण त्याहून मोठे मागणे हे, की जी काचपट्टी बघायला तुमचे मन कचरते, ती माझ्याखाली ठेवायला संध्याकाळ करू नका. तोवर घरी कुणीतरी तुमच्या शब्दावर विसंबून गोळी बाजूला ठेवलेली असते.