शांती नाही

योरुनला पडद्यांबद्दल शांती नव्हती.

"निळा रंग चांगलाच आहे गं," ती म्हणाली होती, "पण मला त्याबद्दल शांती लाभत नाही." झालं. मॉलफ्रिडने डोळे फोडून शिवलेले पडदे उतरले आणि करडे चढले. त्या किनाऱ्यावरच्या प्रार्थनाघरांत वाढलेल्या माणसाकडे या वाक्याला उत्तर नसतं. 'मला आवडत नाही' म्हणणाऱ्याशी भांडता येतं. 'मला शांती नाही' म्हणणाऱ्याच्या पाठीशी साक्षात देव उभा असतो, आणि पडद्यांवरून देवाशी कोण हुज्जत घालणार?

फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीच्या, काठावरच्या या मिशनच्या घरात तिघं हिवाळाभर राहत होती. योरुन, तिचा सुतार नवरा सिग्वार्ट आणि सुईण मॉलफ्रिड. मादागास्करच्या आतल्या भागात एका ठाण्यावर त्यांना मिळून काम करायचं होतं, म्हणून आधी इथं एका छताखाली राहून एकजीव व्हायचं, अशी मिशन मंडळाची कल्पना. मंडळातल्या लोकांनी योरुनबरोबर एक दिवस काढला असता, तर ती कल्पना त्यांनी तिथल्या तिथे पुरली असती.

मॉलफ्रिडही काही गरीब गाय नव्हती. वरच्या सुराला योरुनचा आवाज फाटतो हे कळल्यापासून ती पेटीवर प्रत्येक स्तोत्र एक पट्टी चढवून वाजवायची. योरुन लालबुंद होऊन किंचाळायची आणि मॉलफ्रिड डोळे मिटून भक्तिभावाने भाता मारायची.

पण मॉलफ्रिडला जायचं होतंच, आणि मनापासून होतं. लहानपणी बेटावरच्या रविवारच्या शाळेत तिने मादागास्करचा नकाशा पाहिला, तेव्हापासून दुसरं काही मागितलं नव्हतं. आन्फिन नावाच्या बोटवाल्याने लग्नाचं विचारलं, तर त्यालाही हेच कारण सांगितलं. आता नोकरी सोडली होती, घर बहिणीला देऊन टाकलं होतं, आणि प्रार्थनाघरातल्या बायकांनी निरोपाला वॉफल भाजायचा बिडाचा साचा दिला होता, पत्त्यांतल्या बदामासारख्या पाच पाकळ्यांचा. कुठल्या तोंडाने परत जाणार?

शेवटच्या रविवारी मंडळाचे चिटणीस थाराल्डसेन यायचे होते. जाणाऱ्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारत: सोबत्यांबरोबर जायला तुला शांती आहे का?

नेमके आदल्या दिवशी बटाटे सोलायचे राहिले. रविवारी सुरी धरायची नाही, हा त्या प्रार्थनाघरांतला रिवाज. मॉलफ्रिड पहाटे उठून गुपचूप सोलत बसली होती, तेवढ्यात दारात योरुन.

"देवाच्या दिवशी?"

"देवाच्या दिवशी भूकही लागते."

"सालासकट उकडता आले असते."

"मागच्या वेळी सालासकट उकडले, तेव्हा ते डुकरांसारखं खाणं म्हणालीस."

योरुनने उत्तर राखून ठेवलं. जेवणाआधी तिने हात जोडले. "प्रभू, हे बटाटे कोणत्या दिवशी सोलले ते तुला ठाऊक आहे. तरी त्यांना आशीर्वाद दे. आणि आमच्या भगिनी मॉलफ्रिडचं कठीण हृदय मऊ कर. आमेन."

प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही. मॉलफ्रिड "आमेन" म्हणाली आणि बटाटा गिळला. सिग्वार्ट ताटात बघून जेवत राहिला. संसारात तो हेच शिकला होता.

भांडी पुसताना योरुन हळूच म्हणाली, "आज विचारतील तेव्हा मला खोटं बोलता येणार नाही हं, मॉलफ्रिड. मनात आहे ते सांगावंच लागेल."

"काय आहे मनात?"

"ते मी आणि देव बघून घेऊ."

मॉलफ्रिडने हातातली बशी खाली ठेवली. ही बया आपल्याला घरी बसवणार. आजवर हिने 'मला शांती नाही' म्हटलं, की तसंच झालं होतं. मग ते आधी आपणच का बोलू नये? जी आधी बोलेल तिचा देव.

दुपारी थाराल्डसेन आले. मॉलफ्रिडने आपल्या साच्यावर वॉफल केले, योरुनने ते आपणच केल्यासारखे वाढले. कॉफी झाली, प्रार्थना झाली, आणि म्हाताऱ्याने विचारलं, "तर मग, एकमेकांबरोबर जायला शांती आहे ना?"

"मला नाही," मॉलफ्रिड म्हणाली. कुणी तोंड उघडायच्या आत. "योरुनबद्दल मला शांती नाही. मी पुष्कळ प्रार्थना केली, पण नाही."

सिग्वार्टचा कप वाटेतच थांबला. थाराल्डसेन योरुनकडे वळले. "आणि तुला?"

योरुनने बशीतला चुरा बोटाने गोळा केला. "मला आहे," ती म्हणाली. "मॉलफ्रिडबद्दल मला पूर्ण शांती आहे."

म्हातारा दमलेल्या आवाजात मॉलफ्रिडला म्हणाला, "बाळ, ज्याच्या मनात शांती नाही, त्याला आम्ही पाठवत नाही. ज्याच्याबद्दल शांती नाही, त्याला अडवत नाही. तसं अडवायला लागलो, तर प्रत्येक जण शेजाऱ्याला घरी बसवेल. तू यंदा थांब. पुढचं मंडळ बघेल."

पुढचं मंडळ बघेल म्हणजे काय, ते तिथल्या चौघांनाही माहीत होतं. मॉलफ्रिडने चाळिशी ओलांडली होती; तिला पुन्हा कुणी पाठवणार नव्हतं.

"तुला हा नियम माहीत होता," ती योरुनला म्हणाली.

"माझे वडील मंडळातच होते ना. लहानपणापासून कानावर पडायचं."

"आणि सकाळचं? मनातलं सांगावं लागेल म्हणालीस ते?"

"सांगितलं की. शांती आहे म्हणून." तिने कप उचलायला घेतले. "तूच पुढे पुढे केलंस."

हात दाखवून अवलक्षण. मॉलफ्रिडला तिचा जीव घ्यावासा वाटला. खरोखर वाटला. चिटणिसांसमोर, करड्या पडद्यांसमोर, देवासमोर. तिने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

ती सामान बांधून खाली आली, तेव्हा योरुन स्वयंपाकघरात वॉफलचा साचा पुसत होती. मादागास्करला जाणाऱ्या सामानाचं खोकं शेजारीच उघडं होतं आणि ते ठोकून बंद करायला सिग्वार्ट हातोडी घेऊन उभा होता.

"हा आमच्याबरोबर जाऊ दे," योरुन म्हणाली. "बायकांनी तो मिशनला दिलाय. तुला एकटीला काय करायचाय?"

मॉलफ्रिडने तिच्याकडे पाहिलं, मग दारात आलेल्या थाराल्डसेनांकडे. तिचा आवाज अगदी शांत होता.

"मला त्याबद्दल शांती नाही," ती म्हणाली.

थाराल्डसेन टोपी शोधू लागले. योरुनने साचा सोडला नाही. सिग्वार्टने बायकोच्या हातातून साचा काढून घेतला आणि मॉलफ्रिडच्या हातात दिला. त्याने असं काही केलेलं या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

मॉलफ्रिडने तो आपल्या उतरवलेल्या निळ्या पडद्यात गुंडाळला आणि धक्क्यावर जाऊन बसली. साचा अजून कोमट होता. बेटाची बोट वळणावर दिसू लागली, तेव्हा बेटावरच्या बायका पहिलं काय विचारतील ते तिला ऐकू आलं, आणि तो मांडीवर धरून ती मादागास्करसाठी रडली. बोट लागली. ओझं घ्यायला आन्फिनने बोटीवरून हात पुढे केला. तिने दिलं नाही.