घरची रांग

धाकट्या सुनेनं लेबलांची गुंडाळी सासऱ्यांसमोर ठेवली आणि हात झटकले.

“मी नाही चिकटवणार.”

लेबलावर हिरवं पान होतं आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘सेंद्रिय’. दाराशी टोमॅटोचे क्रेट रचलेले होते. जेवणं आटोपेपर्यंत टेम्पो यायचा होता. त्या टोमॅटोंवर कालच फवारणी झाली होती. विहिरीकडची एक रांग तेवढी सोडली होती. ती घरची. तिच्या आसपास फवारणीचा पंप घेऊन कुणी फिरकायचं नाही, असा सासऱ्यांचा दंडक होता.

“दुकानदार हाच शब्द मागतात,” सासरे म्हणाले. “आणि एवढ्याशा औषधानं कुणाला काही होत नाही.”

“मग घरची रांग वेगळी कशाला?”

सासूबाईंना एकदम भांडी लावायची आठवण झाली. नवऱ्यानं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. बायको आणि वडील समोरासमोर आले की त्याला हमखास कुणाचा तरी मेसेज येई.

“जास्त शहाणपणा नको. लेबल लावायचं नसेल, तर या घरात तुझं काम काय?” सासऱ्यांनी सुनावलं.

“स्वयंपाक,” असं म्हणून ती आत गेली.

सगळे जेवायला बसले, तेव्हा तिनं टोमॅटोच्या फोडींची थाळी मधोमध ठेवली.

“क्रेटमधलेच चिरलेत. जे विकायचं तेच खायचं, आजपासून.”

कुणाचाही हात पुढे आला नाही. तिच्या लेकीचा मात्र टोमॅटोवर भारी जीव. तिनं फोड उचलून तोंडाशी नेली, तोच सासऱ्यांनी ताटावरून झेपावून नातीचं मनगट धरलं. पाण्याचा पेला कलंडला. पोरीनं भोकाड पसरलं.

“एवढ्याशा औषधानं काय होतंय, बाबा?” सुनेनं विचारलं.

सासरे मनगट सोडेनात. सकाळपासून तिला त्यांचा नुसता संताप येत होता; आता थोडी कीवही आली. पण माघार घ्यायची नाही, हे तिचं ठरलेलं होतं. लेकीच्या हातातली फोड तिनं काढून घेतली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

“सोडा तिला. घरच्या रांगेतलेच आहेत.”

सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच खाली मान घातली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

“क्रेट भरायचे का हो?” ड्रायव्हरनं दारातून विचारलं.

नवऱ्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील नातीच्या मनगटाकडे बघत होते.

“तो विचारतोय, बाबा,” लेकीच्या हातात दुसरी फोड देत ती म्हणाली. “सांगा त्याला.”