दिवे लावलेलं घर

माझ्या सासूबाईंचा अबोला म्हणजे साधासुधा प्रकार नव्हता. इतर बायका अबोला धरतात तेव्हा भांडी आपटतात, उसासे टाकतात, भिंतीला उद्देशून टोमणे मारतात. सासूबाई खिडकीतल्या खुर्चीत बसायच्या, समोर नजर लावायच्या आणि हलणं बंद करायच्या. हाका मारा नाहीतर पाया पडा, मान वळायची नाही. एकदा सख्ख्या बहिणीवर रुसल्या. ती बिचारी आली, चहा प्यायली, रडली, निघून गेली, तरी ह्यांची पापणी लवली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्या एका खोडीपाशी येऊन अडलं.

त्या राहायच्या बाजारचौकाच्या मागच्या जुन्या गल्लीत. कारखाना बंद पडला आणि गल्ली ओस पडत गेली. आधी दुकानं गेली, मग भाडेकरू, मग ज्यांना कुठे तरी जायला जागा होती ते सगळे. उरल्या पहिल्या मजल्यावर सासूबाई आणि त्यांच्या घरामागच्या बोळात सायकलवाले काका. काकांचं दुकान केव्हाच बंद झालं होतं, नाव तेवढं चिकटून राहिलं होतं. कानाने ठार बहिरे. मांडीवर पेपर घेऊन खिडकीत बसायचे आणि बसल्याबसल्या डुलकी काढायचे. आम्ही नवराबायको शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांत. "चला आमच्याकडे," असं म्हटलं की सासूबाईंचं उत्तर तयार असायचं. "दोन खोल्यांत तुम्ही दोघं, मी, आणि वर तुझं तोंड. मावायचं कसं?"

नवरा माझा पाट्या रंगवायचा. अक्षर असं की दुकानदार लांबून शोधत यायचे. पण छापील फलक आले आणि त्याचे ब्रश डब्यात वाळून गेले. अशात चौकात काचेचं नवं हॉटेल उभं राहिलं आणि नगरपालिकेच्या मनात आलं, की शहराचं पुनरुज्जीवन करायचं. "आधी मेलंय कोण ते तरी सांगा," सासूबाई म्हणाल्या.

हॉटेलच्या वरच्या खोल्यांतून मागची गल्ली दिसायची. संध्याकाळ झाली की तिथे नुसता काळोख. शहरात पैसे लावायला येणाऱ्या पाहुण्यांना काळोख कसा दाखवायचा? म्हणून नगरपालिकेच्या साहेबांनी युक्ती काढली. रिकाम्या घरांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकायच्या आणि फळ्यांवर उजेडाच्या खिडक्या रंगवायच्या. आत पिवळा प्रकाश, पडदे, कुंड्या, माणसं. हे काम माझ्या नवऱ्याला मिळालं. घरी आला तो शीळ घालतच.

साहेबांनी त्याला एकच गोष्ट बजावली होती. "माणसं तरुण काढा. बायका, पोरं, मांजरं, काय हवं ते काढा. म्हातारं मात्र एकही नको. म्हाताऱ्यांनी गल्ली आजारी दिसते." नवऱ्याने शब्द पाळला. केस विंचरणारी मुलगी काढली, बाळाला खांद्यावर घेतलेली आई काढली, स्टुलावर चढून दिवा बसवणारा तरणा गडी काढला. लांबून बघितलं की वाटायचं, आत्ता आतून कुणीतरी हाक मारेल. जवळ गेलं की रंगाचा वास आणि फळीमागे उंदरांची खुडबुड.

फळ्या ठोकणारी माणसं अशा घराला 'दिवे लावलेलं घर' म्हणू लागली. कुणी घोळ घालून ठेवला की आपण विचारतोच ना, काय दिवे लावलेस म्हणून. त्याही अर्थाने ते नाव बरोबर होतं, पण आमच्या डोक्यात उजेड पडायला उशीर झाला.

एक दिवस सासूबाई मुलाला म्हणाल्या, "साऱ्या गल्लीत दिवे लावतोस आणि आईच्या घरी अंधार?" झालं. आईने काही मागितलं, तेही आयुष्यात पहिल्यांदा. त्याने तिच्या घराखालच्या बंद दुकानाच्या फळीवर सगळ्यात मोठी पिवळी खिडकी काढली आणि तिच्यात बसवलं एक मांजर. सासूबाई रोज जिना उतरून त्या मांजराला बघून यायच्या. खरं सांगायचं तर ते मांजर घुबडासारखं दिसत होतं. पण मायलेकांच्या मध्ये बोलून मी कशाला वाईट होऊ? मी म्हटलं, छान आहे.

मग कचऱ्याची गाडी त्यांच्या दाराशी थांबेनाशी झाली. पोस्टमन यायचा बंद झाला. गल्लीतला दिव्याचा खांब कुणीतरी उपटून नेला. एक दिवस नळाला पाणी आलं नाही, ते पुन्हा आलंच नाही. मग वीज गेली. मी कचरागाडीवाल्याला गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, ते दिवे लावलेलं घर आहे. तिथे कोण राहतंय?"

"माझी सासू राहते!"

तो हसला. मी थट्टा केली असं वाटून हसला आणि गाडी पुढे घेऊन गेला. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. माणूस जिवंत आहे हे कुणाला पटवायचं तरी कसं?

नवरा कचेरीत जाऊन आला. "सांगितलंय त्यांना. घर यादीतून वगळतो म्हणाले," एवढं बोलून जेवायला बसला. भोळा सांब. कुणी गोड बोललं की त्याचं काम झालं.

पुढच्याच महिन्यात कळलं, की पाहुण्यांनी पैसे लावायचं कबूल केलं आणि आता दिवे लावलेली घरं पाडून तिथे बाग करणार. आधी नटवायचं, मग उचलायचं. सुरुवात मागच्या बोळापासून. सायकलवाले काका मुलीकडे गेले, असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते नवऱ्याला विचारलं, त्याला आठवेना. मलाही आठवेना.

मी तडक सासूबाईंकडे गेले. "आई, सामान बांधा. आजच निघायचं."

"माझ्या घरी दिवे लागलेत. मी का निघू?"

"खोलीत मेणबत्ती आणि भिंतीवर दिवे! मशीन येणार आहे, कळतंय का?"

"माझ्या मुलाने घर वगळायला लावलंय. तुला नसेल त्याचा भरवसा, मला आहे."

माझं डोकं फिरलं. "मग बसा इथेच! बसा चित्रासारख्या!"

त्या उठल्या, खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि समोर बघू लागल्या. मी चौकातल्या नळावरून पाण्याची कळशी भरून आणून ठेवली, दार ओढून घेतलं आणि घरी येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत राहिले. मला त्या आवडायच्या नाहीत, हे खरं. पण त्यांच्याशिवाय भांडायला मला दुसरं होतंच कोण?

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तो गल्लीच्या तोंडाशी पत्रे उभे केलेले. राखणदार म्हणाला, "आत जायचं नाही. कुणी नाही आत." त्याच्या काखेखालून मी घुसले. मागचा बोळ गायब झाला होता. जिथे भिंती होत्या तिथे आभाळ होतं आणि धूळ अजून खाली बसली नव्हती. पिवळं मशीन सासूबाईंच्या घरासमोर येऊन उभं होतं, दात वर करून. मशीनवाला पायरीवर बसून चहा पीत होता.

वर खिडकीत सासूबाई. ताठ. नजर समोर.

"थांबवा!" मी ओरडले. "वर माणूस आहे!"

मशीनवाल्याने वर बघितलं आणि मान डोलावली. "ती होय? काय काढलीय हो! सकाळपासून बघतोय. डोळे तर असे, की आत्ता हलतील."

"ती काढलेली नाही. माझी सासू आहे ती!"

"बाई, कागदावर घर रिकामं आहे. खाली मांजर काढलंय, वर म्हातारी काढलीय. त्या रंगाऱ्याचा हातच तसा आहे." तो उठला. ग्लास पायरीवर ठेवला आणि हातमोजे चढवू लागला.

राखणदार माझ्या दंडाला धरून मागे ओढत होता. "आई!" मी हाक मारली. "आई, हात हलवा! चुकले मी! पाया पडते तुमच्या!" खिडकीत काही हललं नाही. माशी बसली असेल तरी त्यांनी हाकलली नसती. मशीनवाला वर चढला. मशीन सुरू झालं आणि पायाखालची जमीन थरथरली. मला रडू फुटलं. असली कसली हट्टी बाई, जीव गेला तरी मान वळवणार नाही! त्या रागात माझ्या तोंडून निघून गेलं ते मी इतके महिने गिळून बसले होते.

"तुमच्या मुलाने काढलेलं मांजर घुबडासारखं दिसतंय!"

खुर्ची मागे सरकली. सासूबाई कमरेपर्यंत खिडकीबाहेर आल्या.

"घुबड तू! तुझं अख्खं माहेर घुबडांचं! तुला काय कळतंय चित्रातलं?"

मशीन बंद झालं. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. राखणदाराने दंड सोडला. वर सासूबाईंचा पट्टा चालूच होता. मांजराच्या मिशा, त्याचे कान, माझं स्वयंपाकातलं अडाणीपण, सगळं निघत होतं आणि मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं. इतकं गोड त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मशीनवाला खाली उतरला. मला वाटलं, माफी मागेल. तो माझ्याकडे बघतच नव्हता. मागच्या बोळाकडे बघत होता, जिथे आता धूळ होती.

"बाई," तो म्हणाला, "तो रंगारी तुमचाच नवरा ना?"

"हो."

"काल संध्याकाळपर्यंत तिथे मागे एक घर होतं. दिवे लावलेलं. वरच्या खिडकीत एक म्हातारा काढला होता. मांडीवर पेपर, डोळे मिटलेले. मी म्हटलं, वा, काय काढलाय." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "तोही तुमच्या नवऱ्यानेच काढलेला ना? नाही, आपलं विचारतोय. काढलेलाच ना तो?"

साहेबांनी सांगितलं होतं, म्हातारं एकही नको. आणि माझ्या नवऱ्याने शब्द पाळला होता.

"काय विचारतोय गं तो?" सासूबाई वरून ओरडल्या.

मी डबा घट्ट धरून उभी होते.

"अगं, बोल की! आता तू धरलास का अबोला?"