शून्यावर आणू नये

मी मोजणीचं चाक बोलतोय. हळूच बोलतोय, कारण आत्ता अर्धा फेरा जरी फिरलो, तरी केल्या कामावर पाणी पडेल.

एक चाक, एक लांब दांडा, मुठीखाली एक कळ आणि आकड्यांची छोटी खिडकी, एवढाच माझा पसारा. पुढे ढकललं की आकडा वाढतो, मागे ओढलं की उतरतो, कळ दाबली की शून्य. स्वभावाने मी चुळबुळ्या. कारखान्यातून बाहेर काढल्या काढल्या उतारावरून सुटलो होतो, चौघांनी मिळून मला धरलं.

माझा पहिला मालक रस्ते बांधणारा कंत्राटदार. त्याने चिखलातून यथेच्छ पळवलं आणि काम संपल्यावर सिमेंटच्या पोत्यांमागे टाकून दिलं. तिथे उभ्या उभ्या मला वेड लागायची पाळी आली होती. भंगारात जायच्या आधी मला मोजणीच्या बाईंनी मागून नेलं.

बाईंचं काम जरा वेगळं. कुठल्या वस्तीतल्या माणसांना ताजी भाजी आणि धान्य आणायला किती चालावं लागतं, ते मोजायचं. एक किलोमीटरच्या आत दुकान नसेल, तर कार्यालय त्या वस्तीतली रिकामी खोली दुकानाला देतं. वाट मात्र वस्तीतल्याच माणसांनी दाखवायची, आणि अंतर किती भरलं तर दुकान मिळेल हे त्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर लोक मुद्दाम वळसे घालतील, असं कार्यालयातल्या साहेबांना वाटतं. बिचाऱ्या साहेबांना माणसांचं आदरातिथ्य ठाऊक नसावं.

मोठ्या कारखान्यामागे एक वस्ती आहे. तिथे आम्ही गेलो, तेव्हा एक मावशी वाट दाखवायला पुढे झाल्या. त्यांच्या गुडघ्यांनी कधीचाच संप पुकारलेला. घरात त्यांचे यजमान, काका, आजारी. त्यांना रोज ताजी पालेभाजी द्या, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण काकांच्या ताटात बहुतेक दिवशी चहात बुडवलेला पाव. मावशींनी आम्हाला कारखान्याच्या मागच्या दारातून आत नेलं, आवारातून सरळ पुढच्या दाराने बाहेर काढलं, आणि समोरच बाजार. मी खूश होऊन धावलो. आकडा किलोमीटरच्या कितीतरी आतच थांबला. साहेबांनी खिडकीतला आकडा बघून सही केली. दुकानाची गरज नाही, असं ठरलं.

पुढे शेजारच्या रस्त्यावर आमचं काम निघालं, म्हणून बाई तो निकाल सांगायला वस्तीत शिरल्या. मावशी ऐकून घेत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "असू दे. आमचंच नशीब." बाईंना ते लागलं असावं. कारखान्याच्या त्याच मागच्या दाराने लवकर निघून जावं म्हणून त्या वळल्या, तर दाराला कुलूप.

"हे दार कधी उघडतं?" बाईंनी विचारलं.

"ते बंदच असतं," मावशी म्हणाल्या. "पहारेकरी आमच्या शेजारणीचा जावई. त्या दिवशी तुम्ही येणार म्हणून त्याच्या हातापाया पडून उघडून घेतलं. पाहुण्यांना एवढ्या उन्हात का चालवायचं?"

बाई तिथेच पायरीवर बसल्या. मला तर काय करू न् काय नको असं झालं. मोजायचं होतं एक आणि आम्ही मोजून नेलं भलतंच, तेही यांच्या चांगुलपणापायी! शेवटी बाई उठल्या. त्यांनी माझी कळ दाबली आणि मला जमिनीवर टेकवलं.

"मावशी, तुम्ही रोज जाता तशा चला. माझ्यासाठी काही सोपं करू नका."

काय ती वाट! कारखान्याची भिंत संपता संपेना. मावशी थांबल्या की मी थांबायचो आणि आतल्या आत तडफडायचो. नाल्यावरचा पूल चढताना किलोमीटर ओलांडला, तरी बाजाराचा पत्ता नव्हता. बाजारात पोचल्यावर मावशींनी भोपळा उचलला, हातात तोलला आणि परत ठेवला. मग मेथीची एक जुडी घेतली. इथे भाजी वजन बघून निवडतात, हे मला तेव्हा कळलं. बाई बराच वेळ त्या भोपळ्याकडेच बघत होत्या.

आता नियम असा, की नवा आकडा माझ्याच खिडकीत साहेबांनी स्वतः बघायचा, तेव्हाच सही. साहेब दौऱ्यावर. म्हणून बाईंनी मला तान्ह्या बाळासारखं उचलून बसमधून आणलं. कंडक्टरने याचं अर्धं तिकीट काढू का म्हणून विचारलं, तरी त्या हसल्या नाहीत. इथे कार्यालयाच्या कोपऱ्यात उभं करून त्यांनी माझ्या मुठीला चिठ्ठी बांधली: शून्यावर आणू नये.

आणि मी उभा आहे. आयुष्यभर ज्याने पळायचंच मागितलं, त्याला हे. पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठी फडफडली तरी माझा जीव वरखाली होतो. झाडूवाल्या काकू केर काढत या कोपऱ्याकडे येताहेत, आणि शिपायाला माझ्या दांड्यावर टॉवेल वाळत घालायची भारी हौस.

काकू, एवढा कोपरा आज राहू द्या. शिपाईदादा, टॉवेल खिडकीच्या गजांवर टाका. साहेब येईपर्यंत मला कुणी हात लावू नका. तिकडे एका ताटात अजून चहा आणि पाव आहे.