शेवटचा रोही

मानवजातीच्या सगळ्या शहाणपणाचं सार तीन शब्दांत मावतं: थांबला तो वाचला. हे शब्द बद्रीनाथच्या जीपच्या पाठीवर पिवळ्या रंगात लिहिलेले होते, आणि न थांबता मागून येऊन धडकणाऱ्यांनी त्यातला 'वाचला' पार चेपून टाकला होता.

ते त्यानं हौसेनं लिहून घेतलेलं नव्हतं. दोन वर्षांमागं भोकरदनच्या रस्त्यावर एक रोही आडवा गेला. रोही म्हणजे नीलगाय. नाव गाईचं, अंग घोड्याचं, अक्कल दोघांचीही नाही. तो गेला म्हणून बद्रीनाथनं गाडी पुढं काढली आणि मागून येणारा दुसरा थेट काचेतून आत आला. शेजारी थोरला भाऊ कडूबा बसला होता. कडूबा जागीच गेला.

तेव्हापासून बद्रीनाथचा नेम होता. एक रोही दिसला की इंजिन बंद. हॉर्न वाजवायचा नाही, कारण बुजलेलं जनावर रस्त्याकडंच धावतं. आणि कळपातला शेवटचा पलीकडं गेल्याशिवाय चावी फिरवायची नाही. नेमात चूक काढायला जागा नव्हती. अडचण एवढीच, की शेवटचा कोण, हे रोह्यांनी आपसात ठरवलेलं नसतं.

गिऱ्हाईक तुटलं. बदनापूरच्या स्टेशनबाहेर लोक त्याच्या जीपमध्ये सावलीला बसत आणि निघायच्या वेळी दुसऱ्या गाडीत चढत.

माघात एका दुपारी शेजारच्या दुकानात फोन आला. बद्रीनाथची बायको गोपिकाबाई, तिची आई गेली होती. माहेर भोकरदनच्या पुढं. भाऊ सांडूनं कळवलं की लेकीनं तोंड पाहिल्याबिगर आईला उचलत नाही. पण दिवस मावळल्यावर अग्नी द्यायची गावात रीत नाही, आणि मयत रात्रभर ठेवायला भावकी राजी नाही. तेव्हा उजेडी या.

एसटी नुकतीच निघून गेली होती. जीप होती.

भोकरदनपर्यंत सगळं बराबर झालं. पुढं माहेरच्या फाट्याला वळले, तर हरभऱ्यातून एक रोही उठला आणि मानपानाच्या जावयासारखा सावकाश रस्ता ओलांडून गेला. बद्रीनाथनं इंजिन बंद केलं. बाकीचा कळप हरभऱ्यातच उभा होता, रस्त्याकडं तोंड करून, चघळत.

गोपिकाबाईनं आधी सांगून पाहिलं की हळूहळू काढा. मग विनवलं. मग आईची शपथ घातली, आणि ती आता लागू पडत नाही हे तिचं तिलाच आठवलं. बद्रीनाथ दगड नव्हता. त्याचा हात चावीकडं जाई, शेजारच्या सीटवर बायको दिसे, आणि हात परत येई.

"कडूबा बी इथंच बसल्ता," तो म्हणाला.

"मी उतरून हाकलते."

"हाकलले की गाडीवरच येतेत."

"मंग पायी जाते."

"पोचस्तोवर अंधार पडंल. ते बघ, निघून राह्यले. जराशीक थांब."

खरंच दोघं निघाले आणि पलीकडं गेले. त्यातला एक काहीतरी विसरल्यासारखा परत आला. बद्रीनाथनं मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरली.

उन्हं पिवळी झाली, मग तांबडी. गोपिकाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. शेवटी कळपालाच कंटाळा आला. रस्ता न ओलांडताच तो मागं फिरला आणि ओढ्याकडं निघून गेला.

जीप गावच्या अरुंद वाटेला लागली, तेव्हा समोरून माणसं येत होती. सगळ्यांचे केस ओले होते. पुढं सांडू. त्यानं बहिणीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. सूर्य टेकडीला टेकेस्तोवर थांबलो, एवढंच मागून कुणीतरी हळू सांगितलं.

बद्रीनाथ उतरला आणि भर वाटेत मातीत बसला. जीप भंगारात घालतो म्हणाला. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला तर कडूबाची आण म्हणाला. सासूच्या राखेपाशी जन्मभर बसून राहीन म्हणाला. तू मला माफ करू नकोस, पण एकदा शिव्या दे, म्हणाला. बोलता बोलता रडला, रडून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून बोलला. माणसं ओल्या कपड्यांनी कुडकुडत उभी होती.

गोपिकाबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"अवं," ती म्हणाली, "जीप जरा बाजूला घ्या. लोकांना जायला वाट न्हाई."