भिंतीला टेकवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे आणि माझ्या चार पायांपैकी एका पायात बूट नाही. हे आधीच सांगून टाकते. लपवाछपवीने काय होते ते मी पुरेसे पाहिले आहे.

माझा जन्म अमरावतीच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. गयासुद्दीन मिस्त्रींनी नळ्या वाकवून माझे पाय केले, सागाच्या फळीची बैठक बसवली, टेकायला दोन हात लावले आणि शेवटी चारही पायांत काळे रबरी बूट चढवले. "हे खुर्ची दहा हेडमास्तर रिटायर करते, पाहा," ते म्हणाले होते. दहा नाही, पण चार मी निश्चित केले. भातकुलीजवळच्या एका गावातील शाळेच्या कार्यालयात मी सव्वीस वर्षे काढली. घोकंपट्टी करून पहिली आलेली आणि पुढच्याच वर्षी गटांगळ्या खाणारी मुले मी तिथे खूप पाहिली. तेव्हा मला त्याचे हसू यायचे.

पुढे शाळेत गादीच्या खुर्च्या आल्या आणि मला मागच्या ओसरीत ओढून टाकले. त्या ओढाताणीत डाव्या बाजूच्या मागच्या पायाचा बूट निघून पडला. तो कोणी उचलला नाही. शेवटी गावातल्या बुद्ध विहाराने मला मागून नेले, तेव्हा मी थोडी डुगडुगत होते. फार नाही. बोटभर जाडीच्या रबराएवढीच.

विहाराची किल्ली पंचफुलाबाईंकडे होती. वय बहात्तर, अंगाने काटक, बोलायला फटकळ. रोज सकाळी कुलूप उघडायचे, झाडायचे, मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आणि वंदना म्हणायची, हा त्यांचा एकवीस वर्षांचा नेम. त्यांचा मुलगा सुगत अकोल्याला नोकरीला. जठारपेठेत तिसऱ्या मजल्यावर त्याचे घर. आईवर त्याचा फार जीव, म्हणूनच तो दर खेपेला एकच धमकी देऊन जायचा.

"एकडाव जरी पडली ना आई, तर मंग मी आयकणार नाही. अकोल्याले नेतोच तुले."

मागच्या पावसाळ्याअखेरीस अमरावतीहून रश्मी नावाची तरुण मुलगी आली. म्हातारी माणसे का पडतात आणि पडण्याआधी ते ओळखता येते का, यावर ती संशोधन करत होती. विहारात गावातल्या म्हाताऱ्यांची परीक्षा घ्यायला तिला हातांची, पक्की खुर्ची हवी होती. मला तिने भिंतीला पाठ लावून ठेवले, म्हणजे मी सरकणार नाही. पाठीला भिंत लागली आणि माझे डुगडुगणे थांबले. रश्मीने मला दोनदा हलवून पाहिले. "मस्त पक्की आहे," ती म्हणाली. मित्रांनो, खरे सांगते, त्या शब्दांनी मी सुखावले आणि गप्प बसले.

परीक्षा साधी होती. माझ्यावर बसायचे, उठायचे, तीन मीटरवर लावलेल्या लाल पट्टीपर्यंत चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. रश्मी मोबाइलवर सेकंद मोजायची. बाराच्या आत आले तर बरे, जास्त लागले तर काळजी. शेवटी एक प्रश्न असायचा, "गेल्या तीन महिन्यांत कधी पडलात का?" दर तीन महिन्यांनी ती येणार होती.

सेकंदांत जे येत नाही ते मला कळते. ज्याचे पाय शाबूत, तो माझ्यावर हळू टेकतो. ज्याचे थकले, तो शेवटची वीतभर उंची राहिली की स्वतःला सोडून देतो आणि धपकन येतो. उठताना कोणता तळवा माझ्या हातावर किती जोराने दाबला गेला, तेही मला कळते. पहिल्या खेपेला पंचफुलाबाईंना तेरा सेकंद लागले आणि त्या धपकन बसल्या. रश्मीने त्यांना व्यायामाचा कागद दिला. तो त्यांनी नीट घडी करून मूर्तीमागे ठेवला. तो तिथे अजून आहे.

दिवाळीनंतर रश्मी दुसऱ्यांदा यायची होती. त्याच्या आठ दिवस आधी पंचफुलाबाई विहारात आल्या त्या उजवा हात छातीशी धरून. मागोमाग शेजारच्या गोदाबाई आल्या.

"हात दाखव डॉक्टरले," गोदाबाई म्हणाल्या. "काल नहाणीत कशी पडली होती तू. मीच उचललं ना तुले."

"डॉक्टरले दाखवला का सुगतले समजते. तू कोणाले सांगजो नको, गोदे."

"मंग त्या मॅडमले काय सांगशीन?"

"काहीच नाही. त्या तिसऱ्या मजल्यावर मी काय करू, सांग. खिडकी उघडली का दुसऱ्याची खिडकी दिसते. इथं माहं घर हाये, हे किल्ली हाये."

त्या दिवसापासून एक खेळ सुरू झाला, आणि तो पाहून मला धडकी भरली. वंदना झाली की पंचफुलाबाई माझ्यावर येऊन बसायच्या. गोदाबाई मोठ्याने एक, दोन, तीन मोजायच्या. पंचफुलाबाई उठायच्या, लाल पट्टीपर्यंत जायच्या, वळायच्या, परत यायच्या. रोज, त्याच फरशीवर, त्याच पट्टीपर्यंत. कोणत्या पावलाला वळायचे ते त्यांना पाठ झाले. आठ दिवसांत तेराचे अकरा झाले. इकडे त्यांचा उजवा तळवा माझ्या हातावर टेकेनासा झाला आणि बसताना त्या पूर्वीपेक्षा वरून पडू लागल्या. शाळेतली ती पहिली येणारी मुले मला आठवली. आता हसू आले नाही.

दुसऱ्या खेपेला सुगत मुद्दाम रजा टाकून आला होता आणि आईच्या शेजारीच उभा होता. पंचफुलाबाई कडक इस्त्रीचे पांढरे लुगडे नेसून आल्या. साडेदहा सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आजी, गेल्या तीन महिन्यांत कधी पडलात का?" रश्मीने विचारले.

"नाही बा."

"घरात, नहाणीत, कुठंही?"

"नाही म्हणलं ना."

"आमची आई कुठची पडते, मॅडम," सुगत हसून म्हणाला. "पयते ते."

रश्मीने कागदावर खूण केली. मग तिची नजर पंचफुलाबाईंच्या मनगटावर गेली. "हाताला काय झालं?"

"हंडा उचलला, मुरगयला."

रश्मीने पेन हातात धरले तसेच थोडा वेळ धरून ठेवले. बाहेर सतरा म्हातारी माणसे रांगेत बसली होती. तिने पुढचे नाव पुकारले. मला ओरडावेसे वाटले, पण खुर्चीला फक्त करकरता येते. मी करकरले. कोणी लक्ष दिले नाही.

मोजण्याचा खेळ रोज चालूच राहिला आणि तिसऱ्या खेपेलाही तेच झाले. साडेदहा सेकंद, आणि "नाही."

वैशाख आला. बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहार धुऊन काढला होता. सकाळचे लख्ख ऊन दारातून आत आले आणि मूर्तीच्या वर, छताच्या कोपऱ्यात जाळे दिसले. गोदाबाई पाणी आणायला गेल्या होत्या. पंचफुलाबाईंनी मान वर करून जाळ्याकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे.

मित्रांनो, त्या माझ्यावर दोनशे वेळा तरी बसल्या असतील. मी एकदाही हलले नव्हते. त्यांनी मला धरून मूर्तीजवळ, विहाराच्या मधोमध ओढले. माझी पाठ भिंतीपासून सुटली आणि बिनबुटाचा चौथा पाय फरशीवर अधांतरी झाला. झाडू डाव्या हातात घेऊन त्यांनी एक पाय माझ्या बैठकीवर ठेवला. मग दुसरा. त्या सरळ उभ्या राहिल्या. हात वर केला, टाच उचलली आणि सगळा भार डावीकडे आला.

मी हलले. बोटभरच हलले. तेवढे पुरले.

गोदाबाई घागर घेऊन आल्या तेव्हा पंचफुलाबाई ओल्या फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. शुद्धीवर होत्या. पहिले शब्द बोलल्या ते असे, "कोणाले सांगजो नको." पण या वेळी उठता येत नव्हते. खुब्याचे हाड मोडले होते.

सुगत गाडी घेऊन आला. आईला उचलताना तो रडत होता आणि आईवरच रागावत होता. त्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. शस्त्रक्रिया झाली, पण पाय टेकवत नाही म्हणतात. त्या जठारपेठेत आहेत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी.

काल रश्मी चौथ्यांदा आली. तिला कोणी कळवले नव्हते. गोदाबाईंकडून ऐकल्यावर तिने कागद काढून पाहिला. मागच्या दोन्ही खेपांना साडेदहा सेकंद. पडल्या नाहीत. ती माझ्यावरच बसली.

"त्या आधी कधी पडल्या होत्या का?" तिने गोदाबाईंना विचारले.

"हो. दिवाळीनंतर. नहाणीत."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी सुगतच्या समोर इचारलं, मॅडम," गोदाबाई म्हणाल्या. "त्या मायबाईनं काय सांगावं?"

रश्मीचा चेहरा उतरला. तिने उठून विहाराचे दार लोटून घेतले, गोदाबाईंना माझ्यावर बसवले आणि हळू आवाजात विचारले, "आणि तुम्ही, आजी? तुम्ही पडलात का कधी?"

दाराबाहेर गोदाबाईंची सून नीलम उभी होती. फटीतून तिच्या साडीचा काठ दिसत होता. गोदाबाईंनी तिकडे पाहिले.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. दोन्ही तळवे माझ्या हातांवर एवढे दाबले गेले की लोखंड करकरले.

जाण्यापूर्वी रश्मीने मला पुन्हा भिंतीला नीट टेकवून ठेवले. माझ्या पायाकडे तिनेही पाहिले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांना एकटे गाठून विचारा, आणि एकदा विचारून थांबू नका. पडल्याबद्दल रागावू नका आणि पडल्याची शिक्षा म्हणून घर सोडवू नका, म्हणजे ते खरे सांगतील. आणि घरातली खुर्ची भिंतीपासून ओढून, मोकळ्या जागेत हलवून पाहा. एवढे कराल तर माझ्यासारखीला कोणाचे हाड मोडल्याचे ओझे वाहावे लागणार नाही.

विहाराची किल्ली आता गोदाबाईंच्या कमरेला आहे. छताच्या त्या कोपऱ्यात पुन्हा जाळे धरले आहे. आज झाडताना त्यांनी मान वर करून ते पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले.